ध्रुवीय हिमस्तरांचा जमाखर्च आणि रत्नागिरीचा किनारा

सारांश : ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील हिमस्तरांच्या वस्तुमानात होणारी घट हे समुद्रपातळीतील वाढीचे एक प्रमुख कारण आहे. ही घट मोजण्याच्या तीन मुख्य पद्धती, त्यांची तत्त्वे व मर्यादा आणि त्यातील भारतीय संस्थांचा वाटा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. पृष्ठभागाचे वितळणे आणि वस्तुमानातील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे उदाहरणांसह स्पष्ट केले आहे. या मापनाचा रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्याशी असलेला संबंध शेवटी तपासला आहे.

बीजशब्द : हिमस्तर, वस्तुमान-संतुलन, उपग्रह-मापन, समुद्रपातळी, कोकण किनारा.

प्रस्तावना :

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस मिऱ्याचा डोंगर वाळूच्या एका अरुंद पट्टीने मुख्य भूमीशी जोडला गेला आहे. या पट्टीच्या समुद्राकडील बाजूस धूपप्रतिबंधक बंधारा आहे. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि नैऋत्येचा वारा एकाच वेळी आले की, लाटा या बंधाऱ्यावरून आत येतात, दगड सरकतात आणि बंधाऱ्यामागील घरांत रात्र जागून काढावी लागते. जिल्ह्याच्या खाड्यांलगत पिढ्यान्‌पिढ्या बांधून राखलेल्या खारभूमीच्या बांधांचीही हीच कथा आहे. बांध फुटला की, खारे पाणी भातशेतीत शिरते आणि पुढील काही हंगाम ती जमीन पिकास निरुपयोगी ठरते.

अशा वेळी बंधाऱ्याची उंची किती असावी हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ स्थानिक लाटांच्या अभ्यासातून मिळत नाही. येत्या तीस-चाळीस वर्षांत सरासरी समुद्रपातळी किती वाढेल याचाही अंदाज त्यासाठी आवश्यक ठरतो आणि त्या अंदाजातील सर्वांत मोठी अनिश्चितता ध्रुवीय हिमस्तरांशी निगडित आहे. म्हणजेच मिऱ्यावरील दगडी भिंतीच्या उंचीचा एक धागा येथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या बर्फापर्यंत जाऊन पोहोचतो. या बर्फाचे मोजमाप कसे केले जाते आणि त्यावर किती विसंबता येते, हे समजून घेणे म्हणूनच किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

हिमस्तर म्हणजे काय? :

हजारो वर्षे साचत गेलेले हिम स्वतःच्याच भाराखाली दाबले जाऊन त्याचे घट्ट बर्फ बनते. असे बर्फ खंडप्राय भूभागास व्यापते, तेव्हा त्यास हिमस्तर असे म्हणतात. आज पृथ्वीवर असे दोनच हिमस्तर शिल्लक आहेत. ग्रीनलंडचा हिमस्तर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाचपट क्षेत्रावर पसरला आहे. अंटार्क्टिकाचा हिमस्तर सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. ग्रीनलंडवरील सर्व बर्फ वितळून समुद्रात गेले, तर जगाची समुद्रपातळी सरासरी सुमारे ७.४ मीटरने वाढेल. अंटार्क्टिकावरील बर्फाच्या बाबतीत हा आकडा सुमारे ५८ मीटर आहे. असे सर्वनाशी वितळणे नजीकच्या शतकांत संभवत नाही. तथापि या प्रचंड साठ्याचा एक अल्पसा अंश जरी समुद्रात गेला, तरी सखल किनाऱ्यांना तो पुरेसा आहे.

हिमस्तर स्थिर नसतो. त्याचा जमाखर्च सतत चालू असतो. वरून पडणारे हिम ही त्याची जमा होय. खर्चाच्या बाजू तीन आहेत : पृष्ठभाग वितळून वाहून जाणारे पाणी, किनाऱ्यापर्यंत सरकत येऊन हिमनगांच्या रूपाने तुटणारे बर्फ आणि समुद्राच्या तुलनेने उबदार पाण्यामुळे खालून होणारी झीज. जमा आणि खर्च समान असतील, तर हिमस्तर समतोल असतो. खर्च वाढला, तर वस्तुमान घटते.

या जमेच्या बाजूचा एक बोलका पुरावा भारताच्या स्वतःच्या अनुभवात आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. त्यानंतर १९८३-८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले भारतीय केंद्र तरंगत्या बर्फावर उभारण्यात आले. वर्षानुवर्षे पडणाऱ्या हिमाखाली ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये ते सेवेतून काढावे लागले. तोपर्यंत शिर्माकर ओएसिस या खडकाळ भागात 'मैत्री' हे दुसरे केंद्र उभे राहिले होते. हिमस्तर वाढतो कसा, हे दक्षिण गंगोत्रीने जणू स्वतः गाडून घेऊन दाखविले.

वितळणे आणि घटणे यांतील भेद :

सामान्य लेखनात 'बर्फ वितळले' आणि 'बर्फ घटले' हे शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रीयदृष्ट्या तसे करणे चुकीचे ठरते. उन्हाळ्यात पृष्ठभागावरील हिम वितळते, परंतु ते पाणी खालच्या सच्छिद्र हिमात झिरपून पुन्हा गोठू शकते. तेव्हा वितळणे घडलेले असते, पण वस्तुमान मात्र जागच्या जागी राहते. उलटपक्षी, अंटार्क्टिकाच्या बऱ्याच भागात पृष्ठभाग फारसा वितळत नाही. तरीही हिमनद्यांचा वेग वाढून अधिक बर्फ समुद्रात गेल्यामुळे वस्तुमान घटते. ग्रीनलंडच्या घटीत पृष्ठभागावरील प्रक्रिया आणि हिमनद्यांचा वाढलेला वेग यांचा वाटा साधारणपणे निम्मा-निम्मा आहे, तर अंटार्क्टिकाच्या घटीत दुसऱ्या कारणाचा वाटा प्रमुख आहे.

याच संदर्भात आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. हिमस्तराची कड जेथे खडकाचा आधार सोडून समुद्रावर तरंगू लागते, तेथे बर्फाची विस्तीर्ण तरंगती पठारे तयार होतात. त्यांना आइस शेल्फ किंवा हिमफलक म्हणतात. पेल्यातील पाण्यावर तरंगणारा बर्फाचा खडा वितळला, तरी पेल्यातील पाण्याची पातळी वाढत नाही, हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून विद्यार्थ्यांना शिकविले जाते. त्याच न्यायाने हिमफलक तुटल्याने समुद्रपातळीत थेट अशी नगण्यच वाढ होते. मग त्यांच्या तुटण्याची चिंता का करावयाची? कारण हिमफलक मागील हिमनद्यांना बांधाप्रमाणे अडवून धरतात. २००२ च्या प्रारंभी अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील 'लार्सन-बी' या हिमफलकाचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत कोसळला. त्यानंतर त्यामागील हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढल्याचे आढळून आले. खारबांध फुटल्यावर पाणी आत येते; येथे बांध फुटल्यावर बर्फ बाहेर येते, एवढाच काय तो फरक.

वितळण्याचे निरीक्षण : जुलै २०१२ चा प्रसंग :

पृष्ठभाग वितळतो आहे किंवा नाही हे ओळखण्यासाठी सूक्ष्मलहरींचा उपयोग केला जातो. कोरड्या हिमात रडारच्या लहरी आत शिरून हिमकणांवरून परावर्तित होतात. हिमात अल्प प्रमाणात जरी पाणी मिसळले, तरी ते या लहरी शोषून घेते आणि परत येणारा संकेत एकदम क्षीण होतो. ढग किंवा अंधार यांचा या मापनात मोठा अडथळा येत नाही. त्यामुळे रोजच्या रोज संपूर्ण हिमस्तराचा ओला व कोरडा भाग वेगळा करता येतो.

या पद्धतीचे सर्वांत लक्षवेधी उदाहरण भारतीय उपग्रहाशी संबंधित आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, २३ सप्टेंबर २००९ रोजी 'ओशनसॅट-२' हा उपग्रह सोडला. समुद्रावरील वाऱ्यांचे मापन करण्यासाठी त्यावर स्कॅटरोमीटर हे रडार उपकरण बसविले होते. जुलै २०१२ मध्ये नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील एक संशोधक या उपकरणाच्या नोंदी तपासत असताना १२ जुलै रोजी ग्रीनलंडचा जवळजवळ संपूर्ण पृष्ठभाग ओला झाल्याचे त्याला दिसले. हा निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की, प्रथम नोंदींतच दोष असावा अशी शंका घेण्यात आली. त्यानंतर अन्य दोन प्रकारच्या उपग्रह-मापनांशी, म्हणजे पृष्ठभागाच्या तापमानाच्या व नैसर्गिकपणे उत्सर्जित सूक्ष्मलहरींच्या नोंदींशी, तो पडताळून पाहण्यात आला. तिन्ही मापने एकमेकांशी जुळली. ८ जुलै रोजी सुमारे ४० टक्के पृष्ठभागावर असलेले वितळण १२ जुलैपर्यंत सुमारे ९७ टक्क्यांवर पोहोचले होते. तीन किलोमीटरहून अधिक उंचीवरील 'समिट' केंद्रावरही हिम ओले झाले होते. बर्फाच्या गाभ्यांतील नोंदींनुसार तेथे यापूर्वीचे असे वितळणे १८८९ मध्ये घडले होते.

या प्रसंगाचे दोन धडे आहेत. पहिला असा की, एका कामासाठी तयार केलेले उपकरण दुसऱ्याच कामी मोलाचे ठरू शकते. दुसरा व अधिक महत्त्वाचा असा की, एका उपकरणाने दाखविलेली असाधारण गोष्ट भिन्न तत्त्वावर चालणाऱ्या अन्य उपकरणांनी दुजोरा दिल्यानंतरच स्वीकारली जाते. ओशनसॅट-२ वरील हे उपकरण फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले. पुढे २०१६ मध्ये 'स्कॅटसॅट-१' आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये 'ओशनसॅट-३' यांद्वारे भारताने ही मालिका चालू ठेवली.

तथापि ९७ टक्के पृष्ठभाग ओला झाला याचा अर्थ ९७ टक्के बर्फ नष्ट झाले असा होत नाही. वरचा पातळ थर काही दिवस ओला झाला, एवढाच त्याचा अर्थ आहे. वस्तुमान किती घटले हे जाणण्यासाठी वेगळ्या पद्धतींची गरज भासते.

वस्तुमान मोजण्याच्या तीन पद्धती :

१) उंचीचे मापन : उपग्रहावरून लेसर किंवा रडारचा स्पंद खाली सोडावयाचा आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळेवरून पृष्ठभागाची उंची काढावयाची, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. वारंवार केलेल्या मापनांतून उंचीतील बदल आणि त्यावरून आकारमानातील बदल मिळतो. नासाचा 'आइससॅट' २००३ ते २००९ या काळात कार्यरत होता. १५ सप्टेंबर २०१८ रोजी सोडलेला 'आइससॅट-२' हिरव्या लेसरचे सेकंदाला सुमारे १०,००० स्पंद सहा किरणशलाकांतून सोडतो. युरोपीय अंतराळ संस्थेचा 'क्रायोसॅट-२' एप्रिल २०१० मध्ये प्रक्षेपित झाला. भारत व फ्रान्स यांचा संयुक्त 'सरल' हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावरील 'अल्टिका' हा उंचीमापक आधीच्या रडारांहून आखूड लहरी वापरणारा असल्याने त्याच्या लहरी हिमात कमी खोल शिरतात आणि पृष्ठभागाची उंची अधिक नेमकी मिळते.

या पद्धतीची खरी अडचण आकारमानावरून वस्तुमानाकडे जाताना येते. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर टेकलेल्या, सुमारे १ कोटी २० लाख चौरस किलोमीटर बर्फाची उंची सरासरी केवळ एक सेंटिमीटरने बदलली असे मानू. आकारमानातील बदल १२० घन किलोमीटर होईल. तो बदल घट्ट बर्फाचा असेल, तर वस्तुमान सुमारे ११० अब्ज टन भरते. पण तो पृष्ठभागालगतच्या भुसभुशीत हिमाचा असेल आणि त्याची घनता पाण्याच्या ३५ टक्के असेल, तर तेच वस्तुमान केवळ ४२ अब्ज टन भरते. अंटार्क्टिकाची वार्षिक घटही शंभर-दीडशे अब्ज टनांच्याच घरात आहे. म्हणजेच एका सेंटिमीटरची चूक किंवा घनतेविषयीचे चुकीचे गृहीतक संपूर्ण निष्कर्ष उलटवू शकते.

२) गुरुत्वाकर्षणाचे मापन : ही पद्धत बर्फाचे जणू थेट वजनच करते. अमेरिका व जर्मनी यांनी १७ मार्च २००२ रोजी 'ग्रेस' नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले. ते एकामागोमाग, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून, एकाच कक्षेत फिरत असत. पुढील उपग्रह अधिक वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की, तो किंचित अधिक ओढला जाई आणि दोहोंमधील अंतर वाढे. नंतर मागील उपग्रह ओढला गेला की, ते अंतर पुन्हा कमी होई. केसाच्या जाडीहून कितीतरी सूक्ष्म असे हे फरक सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने मोजले जात. त्यांवरून प्रत्येक महिन्याचा गुरुत्वाकर्षणाचा नकाशा तयार होई. ही जोडी २०१७ मध्ये निकामी झाली आणि २२ मे २०१८ रोजी 'ग्रेस फॉलो-ऑन' या जोडीने तिची जागा घेतली.

या पद्धतीत घनतेचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु तिची दृष्टी स्थूल आहे. सुमारे तीनशे किलोमीटरहून लहान प्रदेशातील बदल तिला वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय हिमयुगातील बर्फाच्या भाराखाली दबलेला भूकवचाचा भाग आजही हळूहळू वर येत आहे. त्यामुळे भूगर्भातील वस्तुमान सरकते आणि त्याचाही परिणाम उपग्रहांना जाणवतो. हा परिणाम वजा करण्यासाठी भूकवचाच्या प्रतिमानांचा आणि खडकांवर बसविलेल्या जीपीएस यंत्रांचा आधार घ्यावा लागतो. अंटार्क्टिकाच्या बाबतीत ही दुरुस्ती अनिश्चिततेचे एक मोठे कारण ठरते.

३) आवक-जावक पद्धत : हिमवर्षावाची आवक हवामान-प्रतिमानांतून काढावयाची आणि समुद्रात जाणाऱ्या बर्फाची जावक हिमनद्यांचा वेग व जाडी यांवरून काढावयाची, दोहोंतील फरक म्हणजे वस्तुमानातील बदल. वेग मोजण्यासाठी एकाच जागेच्या ठरावीक दिवसांच्या अंतराने घेतलेल्या रडार-प्रतिमांची तुलना करतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला नासा व इस्रो यांचा संयुक्त 'निसार' उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच मार्गावरून जाण्यासाठी योजलेला आहे. हिमस्तरांच्या हालचालींचे मापन हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक भाग आहे. या पद्धतीतून कोणती हिमनदी किती बर्फ गमावते हे स्पष्ट होते. परंतु येथे दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी करावी लागत असल्याने कोणत्याही एका आकड्यातील लहान चूक उत्तरात मोठी होऊन उतरते.

तीनही पद्धतींचे दोष भिन्न आहेत आणि त्यातच त्यांचे एकत्रित सामर्थ्य आहे. तिन्हींचे निष्कर्ष एकत्र तपासण्यासाठी 'इम्बी' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार १९९२ ते २०२० या काळात दोन्ही हिमस्तरांनी मिळून सुमारे ७,५६० अब्ज टन बर्फ गमावले. त्यांपैकी सुमारे ४,८९० अब्ज टन ग्रीनलंडचे आणि २,६७० अब्ज टन अंटार्क्टिकाचे होते. सर्वाधिक घट २०१९ या वर्षी, सुमारे ६१२ अब्ज टन, नोंदविली गेली.

हे आकडे कल्पनेत सामावणे कठीण आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २.९८ घन किलोमीटर आहे. एक घन किलोमीटर पाण्याचे वस्तुमान एक अब्ज टन असते. त्या हिशेबाने या काळात गमावलेले बर्फ म्हणजे अडीच हजारांहून अधिक भरलेले शिवसागर होत. कोयनेचे अवजल वाशिष्ठीला मिळून चिपळूणमार्गे समुद्रात जाते, हे जिल्ह्यातील वाचकांना परिचित आहे. दर वर्षी सत्याऐंशी भरलेली कोयना धरणे समुद्रात रिती व्हावीत, असे या घटीचे सरासरी स्वरूप आहे. समुद्रपातळी एक मिलिमीटरने वाढण्यास सुमारे ३६० अब्ज टन पाणी लागते. म्हणून या सर्व घटीमुळे झालेली वाढ सुमारे २१ मिलिमीटर भरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही वर्षांच्या नोंदी दिशाभूल करू शकतात. मार्च २०२२ मध्ये पूर्व अंटार्क्टिकावर असाधारण उष्ण व बाष्पयुक्त हवा आली आणि मोठा हिमवर्षाव झाला. अशा हिमवर्षावामुळे २०२१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अंटार्क्टिकाच्या घटीत खंड पडल्याचे गुरुत्वाकर्षणाच्या नोंदींत दिसले. एवढ्यावरून संकट टळले असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच एखाद्या विक्रमी वर्षावरून सर्वनाश जवळ आला असे म्हणणेही चुकीचे आहे. दोन-तीन दशकांची अखंड नोंद हाच येथे खरा आधार आहे.

जमिनीवरील निरीक्षणे आणि भारतीय कार्य :

उपग्रहांच्या मापनांना जमिनीवरील निरीक्षणांची जोड नसेल, तर ती अपुरी ठरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९८३ पासून शिर्माकर ओएसिसलगतच्या 'दक्षिण गंगोत्री' हिमनदीच्या मुखाचे मापन चालविले. खडकांवरील निश्चित बिंदूंपासून बर्फाच्या कडेपर्यंतचे अंतर वर्षानुवर्षे मोजावयाचे, अशी ही साधी पद्धत आहे. या मापनातून हिमनदीचे मुख वर्षाला सरासरी एक मीटरहून कमी वेगाने मागे हटत असल्याचे दिसून आले. हा वेग अल्प आहे; परंतु एकाच जागेची इतकी दीर्घ नोंद अंटार्क्टिकाच्या त्या भागात दुर्मीळ असल्याने तिचे मोल मोठे आहे.

या सर्व कार्याचे भारतातील मुख्य केंद्र कोकणपट्टीतच आहे. वास्को येथील हेडलँड सडा या भागात १९९८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन संस्था २०१८ पासून 'राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र' या नावाने ओळखली जाते. मैत्री, २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर सुरू झालेले 'भारती', २००८ मध्ये स्वालबार्ड येथे सुरू झालेले 'हिमाद्री' आणि २०१६ मध्ये स्पितीत सुरू झालेले 'हिमांश' ही केंद्रे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने त्याने २०१६ पासून 'मॅडाइस' हा प्रकल्प हाती घेतला. मैत्रीच्या समोरील निव्हलिसेन हिमफलक आणि त्याच्या परिसरातील बर्फाचे उंचवटे येथे रडारने जाडी मोजणे, जीपीएसने वेग मोजणे आणि बर्फाचे गाभे काढून जुन्या हिमवर्षावाचा हिशेब लावणे हे त्याचे स्वरूप होते. उपग्रह-पद्धतींत हिमवर्षाव व घनता यांविषयीच्या ज्या उणिवा वर सांगितल्या, त्या अशाच कष्टाच्या कामातून भरून निघतात.

रत्नागिरीच्या किनाऱ्याशी संबंध :

दूरच्या बर्फाचे पाणी सर्व समुद्रांत सारखे पसरत असेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. हिमस्तर इतका अवजड असतो की, तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे समुद्रजल स्वतःकडे ओढून धरतो. त्याचे वस्तुमान घटले की, ही ओढ कमी होते आणि पाणी दूर सरते. परिणामी, हिमस्तराच्या सुमारे दोन हजार किलोमीटर परिसरात समुद्रपातळी उलट खाली जाते, तर दूरच्या किनाऱ्यांवर ती जागतिक सरासरीपेक्षा किंचित अधिक वाढते. रत्नागिरी उष्ण कटिबंधात असून दोन्ही हिमस्तरांपासून दूर आहे. म्हणून या घटीचा भार दूर असल्यामुळे हलका होत नाही. तो थोडा वाढतोच.

अर्थात समुद्रपातळीतील वाढ केवळ हिमस्तरांमुळे होत नाही. उष्णतेने समुद्रजलाचे होणारे प्रसरण आणि पर्वतीय हिमनद्यांचे वितळणे ही अन्य प्रमुख कारणे आहेत. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. एस. उन्नीकृष्णन व डी. शंकर यांनी उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास करून २००७ मध्ये वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर असा वाढीचा वेग दाखविला. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार उपग्रहांनी मोजलेला जागतिक सरासरी वेग १९९३ ते २००२ या काळात वर्षाला २.१३ मिलिमीटर होता. २०१४ ते २०२३ या काळात तो ४.७७ मिलिमीटरवर गेला, म्हणजे दुपटीहून अधिक झाला. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९९२-१९९९ च्या तुलनेत २०१०-२०१९ या दशकात हिमस्तरांच्या घटीचा वेग चौपट झाला. याच अहवालात २१०० पर्यंतची वाढ, उत्सर्जनानुसार, ०.२८ ते १.०१ मीटर या मर्यादांत अपेक्षिलेली आहे. या मर्यादांतील अंतर मोठे असण्यामागे एक कारण मनुष्याच्या वर्तनाची अनिश्चितता हे आहे आणि दुसरे हिमस्तरांच्या वर्तनाची.

काही मिलिमीटरांचे महत्त्व ते काय, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो. कारण रत्नागिरीस उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीतच दोन मीटरांहून अधिक फरक असतो. त्याचे उत्तर भूमितीत आहे. किनाऱ्याचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी एक सेंटिमीटर वाढल्यास ओली रेषा एक मीटर आत सरकते. शिवाय भरती दिवसातून दोनदा येते आणि जाते. वाढलेली सरासरी पातळी मात्र परत जात नाही. प्रत्येक उधाण, प्रत्येक वादळी लाट पूर्वीपेक्षा किंचित उंच पायरीवरून चढू लागते. ज्या लाटा पूर्वी बंधाऱ्याच्या माथ्याखाली राहत, त्यांपैकी काही माथ्यावरून जाऊ लागतात. खारभूमीचे बांध तर अल्प उंचीचे असल्याने त्यांच्यावर हा परिणाम आधी जाणवतो.

मात्र मिऱ्याची धूप ध्रुवीय बर्फामुळेच होते, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. पावसाळी लाटांचा जोर, वाळूचे स्थलांतर आणि किनाऱ्यावरील बांधकामे यांचा त्यात वाटा असतो. वाढती समुद्रपातळी ही या सर्व कारणांच्या पाठीशी हळूहळू उंचावणारी पार्श्वभूमी आहे. तिचा दोष इतर कारणांवर टाकणे आणि इतर कारणांचा दोष तिच्यावर टाकणे, या दोन्ही गोष्टींनी उपाययोजना चुकतात.

महाविद्यालयांची भूमिका :

या विषयात महाविद्यालयीन स्तरावर करण्याजोगे बरेच आहे. ग्रेसच्या मासिक नोंदी, उपग्रहांची समुद्रपातळीविषयक माहिती आणि मुंबईच्या भरतीमापकाच्या नोंदी सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांवरून कल काढणे, त्यातील त्रुटीची मर्यादा ठरविणे आणि लहान काळाच्या नोंदीने निष्कर्ष कसा बदलतो हे तपासणे, हे संख्याशास्त्र व भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे प्रकल्प आहेत. भूगोल विभागास पांढरा समुद्र, मांडवी, भाट्ये किंवा एखाद्या खाडीकाठी निश्चित खुणा करून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर किनाऱ्याचे छेद घेता येतील. खारभूमीचे बांध कोणत्या वर्षी फुटले याविषयी वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी नोंदविणे हे इतिहास व समाजशास्त्र विभागांचे काम ठरेल. दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या मापनाचे मोल साधनांच्या किमतीत नव्हे, तर सातत्यात होते, हे येथे ध्यानी घेण्यासारखे आहे.

निष्कर्ष :

पृष्ठभागाचे वितळणे आणि वस्तुमानातील घट या भिन्न गोष्टी असून त्यांच्या मापनाच्या पद्धतीही भिन्न आहेत. उंची, गुरुत्वाकर्षण आणि आवक-जावक या तीन पद्धतींपैकी कोणतीही एकटी निर्दोष नाही. परंतु परस्परांवर अवलंबून नसलेल्या या पद्धती एकाच दिशेने बोट दाखवितात, तेव्हा तो निष्कर्ष विश्वसनीय ठरतो. दोन्ही हिमस्तर घटत आहेत आणि घटीचा वेग १९९० च्या दशकापेक्षा अधिक आहे, हा असा निष्कर्ष आहे. भविष्यातील वेगाविषयी मात्र मोठी अनिश्चितता शिल्लक आहे. ही अनिश्चितता निष्क्रियतेचे कारण ठरू नये. किनाऱ्यावर बंधारा बांधणाऱ्यास उंचीचा एकच आकडा निवडावा लागतो आणि तो निवडताना खालच्या मर्यादेवर विसंबण्याची किंमत बंधाऱ्यामागे राहणाऱ्यांना मोजावी लागते. म्हणूनच या मापनांची अखंडता राखणे ही ध्रुवांवर काम करणाऱ्यांइतकीच किनाऱ्यावर राहणाऱ्यांचीही गरज आहे.